तळ्याकाठी आरव्ही लावताना: इंक्स लेकची पहिली खेप कशी करावी

आरव्हीला, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीला, सगळे 'चाकांवरचं घर' म्हणतात. घरात नळाचं पाणी कुठून येतं आणि सांडपाणी कुठे जातं याचा हिशेब कोणी ठेवत नाही. आरव्हीत तो ठेवावा लागतो. वीज, पाणी, गॅस आणि मैला या चार गोष्टी एकदा हाताखालून गेल्या की तळ्याकाठचे दोन दिवस इतके छान जातात, की पुढच्या वेळी हॉटेल शोधावंसंच वाटत नाही. टेक्ससमधल्या मराठी कुटुंबांना पहिल्या खेपेसाठी मी एकच जागा सुचवते: इंक्स लेक स्टेट पार्क.

हीच जागा का

ऑस्टिनपासून साधारण ६० मैलांवर, बर्नेट गावाजवळ हे तळं आहे. कोलोरॅडो नदीवर धरणांची माळ आहे (ही टेक्ससची कोलोरॅडो, ग्रँड कॅन्यनमधली वेगळी). त्या माळेत वर बुकॅनन तळं, खाली एलबीजे तळं आणि मधे हे छोटंसं इंक्स. धरण १९३८ सालचं. वरून येणारं पाणी साठवून न ठेवता पुढे सोडलं जात असल्यामुळे तळ्याची पातळी जवळपास स्थिर राहते. दुष्काळात मोठ्या तळ्यांचं पाणी आत आत सरकतं आणि 'लेकसाइड' म्हणून घेतलेल्या जागेसमोर चिखलाचं मैदान उरतं. इथे सहसा तसं होत नाही. कॅम्पसाइटवर नळ आणि विजेचा खांब मिळतो, सांडपाण्याची जोडणी मात्र नसते. त्यासाठी पार्कात एक सामायिक डम्प स्टेशन, म्हणजे गाडीच्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा आहे. ही एक गोष्ट आधीपासून डोक्यात असेल तर निम्मी खेप सुखाची होते.

आरक्षण

टेक्सस स्टेट पार्कांत मुक्कामाची जागा ५ महिने आधीपासून मिळते. मार्चमधली स्प्रिंग ब्रेक आणि ब्लूबॉनेट फुलण्याचा मार्च-एप्रिलचा हंगाम हवा असेल, तर तारीख उघडते त्याच सकाळी बसा. माझी पसंती ऑक्टोबर-नोव्हेंबरला. जुलै-ऑगस्टमध्ये पारा १०० फॅरनहाइटच्या वर जातो आणि मुलं दिवसभर एसीखालून हलत नाहीत.

जागा निवडताना फोटोपेक्षा दोन आकडे बघा: पॅडची, म्हणजे गाडी उभी करायच्या पट्ट्याची लांबी आणि वीज ३० अँपिअर की ५०. गाडी २५ फुटांची असेल तर ३० फुटांचा पॅड घ्या. मुक्कामाच्या भाड्याशिवाय माणशी रोजचा प्रवेशही भरावा लागतो. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना तो माफ आहे. वर्षातून तीन-चारदा जाणार असाल तर वार्षिक पास परवडतो. त्यात गाडीतल्या सगळ्यांचा प्रवेश येतो.

गाडी ताब्यात घेताना

पहिल्यांदा २४-२५ फुटी 'क्लास सी' भाड्याने घ्या, म्हणजे ट्रकसारख्या नाकाची, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. टेक्ससमध्ये २६,००० पौंडांपर्यंतच्या गाडीला साधं लायसन्स चालतं. मालक माहिती सांगत असताना अख्खा वेळ फोनवर व्हिडिओ काढा. रात्री अंधारात गीझरचं बटण शोधताना तोच कामी येतो. मैलांमागे आणि जनरेटरच्या तासामागे वेगळे पैसे आहेत का, पाण्याचा आणि मैल्याचा असे दोन्ही पाइप गाडीत आहेत का, आणि आधीच्या लोकांनी टाक्या रिकाम्या केल्या आहेत का, हे विचारून घ्या. शेवटचा प्रश्न विचारायला अवघडल्यासारखं वाटतं, तरी विचाराच.

गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. बँकेचा ड्राइव्ह-थ्रू आणि पेट्रोल पंपाचं छप्पर या दोन ठिकाणी तिची गरज पडते. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, म्हणून पंपावरून निघताना लगेच स्टिअरिंग कापू नका. निघण्याआधी कपाटं, फ्रिज आणि बाथरूमचं दार बंद आहे ना ते हाताने ओढून बघा. वाटेत एका वळणावर लोणच्याची बरणी फुटली की दोन दिवस गाडीला तोच वास.

पोचल्यावर: आधी लेव्हल, मग वीज, मग पाणी

जागेचा ताबा दुपारी २ नंतर मिळतो. उजेडात पोचा. काळोखात रिव्हर्स घेऊन गाडी लावणं हे पहिल्या खेपेचं काम नाही.

मागे घेताना एकाने ड्रायव्हरच्या बाजूला, गाडीच्या मागच्या कोपऱ्यापाशी उभं राहावं. नियम एकच: आरशात तो माणूस दिसेनासा झाला की ब्रेक. 'ये, ये, ये' ओरडून उपयोग नाही, कारण इंजिनाच्या आवाजात 'ये' आणि 'थांब' सारखंच ऐकू येतं. हाताच्या खुणा आधीच ठरवा. आणि खाली जमिनीकडे बघतो तसं वरही बघा. इथली ओकची झाडं बुटकी आणि पसरट असतात, त्यांच्या फांद्या एसीच्या डब्याला लागतात.

मग लेव्हल, म्हणजे गाडी सपाट करणं. फोनवरचं स्पिरिट लेव्हलचं अॅप ओट्यावर ठेवा. जी बाजू खाली असेल त्या चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे घालून गाडी त्यावर चढवा आणि दुसऱ्या चाकांना ओट, म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून अडसर लावा. झोपताना डोकं खाली-पाय वर होऊ नये एवढ्यासाठीच हे नसतं. बऱ्याच आरव्हींमधला गॅसवर चालणारा फ्रिज अमोनियाच्या द्रावणावर चालतो आणि ते द्रावण गुरुत्वाकर्षणाने फिरतं. गाडी कलली की ते अडतं, गारवा जातो आणि फ्रिज कायमचा बिघडूही शकतो.

विजेच्या खांबाचं झाकण उघडताना हात लगेच आत घालू नका. टेक्ससच्या लाल मुंग्यांना हे डबे फार आवडतात. आधी झाकण काठीने उघडून आत बघा. खांबावरचा ब्रेकर बंद करा, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारं उपकरण) लावा, त्यात गाडीची वायर घाला आणि मगच ब्रेकर चालू करा.

३० अँपिअर म्हणजे किती? ३० गुणिले १२० व्होल्ट, म्हणजे ३,६०० वॅट. एकटा एसी साधारण १,५०० खातो. मायक्रोवेव्ह हजार-दीड हजार, किटली दीड हजार, इन्स्टंट पॉट हजार. एसी चालू असताना यातलं एका वेळी एकच लावायचं. पाण्याचा गीझर गॅसवर ठेवा, विजेवर नको. एवढं पाळलं की सकाळच्या चहाच्या वेळी ब्रेकर उडत नाही.

पाणी जोडण्याआधी नळाचं तोंड ब्लीचच्या पाण्याने पुसा आणि अर्धा मिनिट पाणी नुसतं वाहू द्या. मग प्रेशर रेग्युलेटर, आणि त्याला पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप. रेग्युलेटर विसरलात तर नळाच्या जोराने गाडीतले प्लास्टिकचे सांधे सुटतात आणि ओट्याखाली पाणी साचलेलं कळायला उशीर होतो.

तीन टाक्या

गाडीत तीन टाक्या असतात. पहिली चांगल्या पाण्याची, दुसरी 'ग्रे' म्हणजे सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची, तिसरी 'ब्लॅक' म्हणजे संडासाची.

ग्रे टाकी साधारण ३० गॅलनची, म्हणजे ११५ लिटरच्या आसपास. नळ सोडून पाच मिनिटं केलेल्या एका अंघोळीला आठ-दहा गॅलन जातात. चार माणसांचं कुटुंब एका सकाळी ती टाकी भरून टाकतं. आमच्या पहिल्या खेपेला हेच झालं. शनिवारी सगळ्यांनी आत अंघोळी केल्या, वर दोन वेळची भांडी घासली. रविवारी सकाळी मुलगी दात घासायला गेली आणि ओरडत बाहेर आली. शॉवरच्या तळात चार बोटं राखाडी पाणी उभं होतं, त्यावर आदल्या रात्रीच्या वरणाचे हळदीचे तवंग. टाकी भरली की पाणी सगळ्यांत खालच्या तोंडातून वर येतं, आणि ते तोंड शॉवरचं असतं.

तेव्हापासून आमची पद्धत ठरून गेली आहे. अंघोळी पार्कच्या स्नानगृहात. आत करावीच लागली तर अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण लावायचा, मग नळ सुरू. बादली-तांब्यावर वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ताटं आधी पेपर टॉवेलने कोरडी पुसायची, मग धुवायची. आमटीचा उरलेला थेंबही सिंकमध्ये जाऊ द्यायचा नाही, तांदळाचं धुवण आणि कढईतलं तेल तर नाहीच. हे टाकीत दोन दिवस कुजलं की वास थेट जेवणाच्या टेबलापर्यंत येतो.

ब्लॅक टाकीचा नियम याहून कडक आहे. तिची झडप मुक्कामभर बंद ठेवायची. उघडी राहिली तर पाणी वाहून जातं, घट्ट मैला मागे वाळतो आणि त्याचा ढीग निघता निघत नाही. सुरुवातीलाच दोन-तीन गॅलन पाणी आणि टाकीचं औषध घाला, आरव्हीसाठीचा लवकर विरघळणारा कागदच वापरा आणि दर वेळी पाणी मोकळ्या हाताने सोडा. टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे बऱ्याचदा चुकीचं सांगतात, त्यावर विसंबू नका.

स्वयंपाक

फोडणी बाहेर. गाडीचं छत डोक्याला लागेल इतकं खाली असतं. मोहरी तडतडून मिरची पडली की धुराचा अलार्म वाजणारच. अलार्मची बॅटरी काढून ठेवायची कल्पना मनातसुद्धा आणू नका. दोन बर्नरची छोटी गॅस शेगडी पिकनिक टेबलावर ठेवा. सकाळी तळ्यावरून वारा येत असताना लोखंडी तव्यावर थालीपीठ लावायचं, शेजारी दह्याचा डबा. भाजणी घरूनच न्यावी, कांदाही घरीच चिरून न्यावा. रात्री जेवण झालं की कचरा आणि खाऊ बाहेर ठेवू नका. रॅकून कूलरचं झाकण सहज उघडतात.

शेकोटी लावण्याआधी त्या दिवशी 'बर्न बॅन', म्हणजे आग पेटवायला बंदी आहे का ते ऑफिसात विचारा. पार्कात पडलेलं लाकूड गोळा करायला मनाई आहे, विकतचं घ्यावं. रात्री १० ते सकाळी ६ शांतता.

तळ्यावर

इंक्सच्या काठचा गुलाबी खडक म्हणजे 'नाइस' (gneiss) नावाचा रूपांतरित खडक, शंभर कोटी वर्षांहून जुना. सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा, त्याच्या पंधरापटीहून जास्त याचं वय. ऊन उतरताना त्यावर तळवा टेकवून बघा, दिवसभराची ऊब हाताला लागते आणि अभ्रकाचे कण बोटांना चिकटतात. 'डेव्हिल्स वॉटरहोल' नावाच्या खाडीत पोरं कड्यावरून उड्या मारतात. तिथे जीवरक्षक नसतो. पोहणारं मूल असलं तरी लाइफ जॅकेट घालाच; कायाकमध्ये १३ वर्षांखालच्या मुलांना तर ते कायद्यानेच सक्तीचं आहे. पार्कच्या काठावरून गळ टाकायला मासेमारीचं लायसन्स लागत नाही, पण किती आणि केवढा मासा ठेवायचा याचे नियम लागू आहेत.

निघताना

दुपारी १२ पर्यंत जागा सोडायची असते. डम्प स्टेशनवर रविवारी रांग लागते, म्हणून शक्य तर साडेनऊलाच निघा. पाण्याचा पाइप आणि वीज काढा (आधी ब्रेकर, मग वायर), पायरी आत घ्या, ओट सगळ्यांत शेवटी काढा.

डम्पचा क्रम असा:

१. हातमोजे घाला. मैल्याचा पाइप गाडीला आणि जमिनीतल्या तोंडाला घट्ट बसवा, तोंडावर दगड ठेवा.
२. आधी ब्लॅकची झडप उघडा. आवाज थांबेपर्यंत वाट बघा, संडासातून दोन बादल्या पाणी ओता, झडप बंद करा.
३. मग ग्रे उघडा. साबणाचं पाणी त्याच पाइपातून जातं आणि पाइप धुऊन निघतो. क्रम उलटा केलात तर पाइप घाणच राहतो.
४. पाइप गाडीकडून काढून तोंडाकडे उचलत न्या, म्हणजे आतलं सगळं गटारात उतरेल.

तिथल्या धुण्याच्या नळाला आपला पांढरा पाइप कधीही लावू नका. ते पाणी पिण्याचं नसतं. मोजे उलटे काढून कचऱ्यात टाका, कोपरापर्यंत हात धुवा, आणि दोन्ही झडपा बंद आहेत ना ते गाडीत बसण्याआधी पुन्हा एकदा बघा.