मे महिन्यातली थंड हवेची सहल: ठिकाण ठरवताना या चुका टाळा

परीक्षा संपायच्या आतच घरात नावं निघायला लागतात. कुणी महाबळेश्वर म्हणतं, कुणी माथेरान, शेजारचे मनालीला निघालेले असतात. नाव ठरतं, मग खोल्यांचे दर बघितले जातात, ते परवडत नाहीत, आणि त्याच गावातली सगळ्यात स्वस्त खोली शोधायला सुरुवात होते. पैशांचा आणि सुट्टीचा विचका होतो तो इथेच. चार-सहा माणसांच्या कुटुंबाला परवडणारी सहल हवी असेल, तर नाव शेवटी ठरवा. आधी तीन गोष्टी बघा: ते ठिकाण आपल्या गावापेक्षा किती उंच आहे, आपल्याला कुठले दिवस मोकळे आहेत, आणि बरोबर कोण कोण येणार आहे.

उंची न बघता निघणं

हिल स्टेशन म्हटलं म्हणजे मे महिन्यात तिथे गार असेलच असं नाही. साधारण हजार मीटर वर चढलं की पारा साडेसहा अंशांनी उतरतो. आता पुण्याचं उदाहरण घ्या. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि लोणावळा ६२०च्या आसपास. फरक अर्ध्या अंशाचासुद्धा नाही. पावसाळ्यात लोणावळ्याला जरूर जा, पण उन्हाळ्यात गारव्यासाठी म्हणून पुणेकरांनी तिथे खोलीचे पैसे मोजू नयेत. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या वर आहे, पाचगणी तेराशेच्या जवळ. पुण्याहून तिथे गेलं की पाच अंशांचा फरक पडतो आणि तो अंगाला जाणवतो.

मुंबईकरांचं गणित वेगळं आहे. समुद्रामुळे मुंबईत पारा फार चढत नाही, जीव नकोसा होतो तो घामाने. त्यामुळे आठशे मीटरवरच्या माथेरानला दुपारचं तापमान मुंबईपेक्षा फार कमी दिसणार नाही. तरीही तिथे बरं वाटतं, कारण चिकचिक कमी होते, झाडांची दाट सावली असते आणि गाड्या नसल्याने मुलं रस्त्यावर मोकळी फिरतात. लहान मुलं असलेल्या मुंबईकरांसाठी मी माथेरान आजही वरच्या क्रमांकावर ठेवेन.

विदर्भात हा हिशेब फार प्रामाणिकपणे करायला हवा. नागपूर तीनशे मीटरच्या थोडं वर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. पाच अंश कमी म्हणजे नागपुरात ४५ असेल त्या दिवशी चिखलदऱ्यात दुपारी चाळीसच्या आसपास. ही काही थंडी नव्हे. पण संध्याकाळी पाचनंतर वारा सुटतो, रात्री झोप लागते आणि सकाळी नऊपर्यंत गाविलगडावर किंवा पॉइंटवर छान फिरता येतं. म्हणूनच एक बचत मात्र करू नका: स्वस्त पडतं म्हणून परतवाड्यात राहायचं आणि दिवसा वर फिरायला जायचं. तसं केलं तर दुपारचं ऊन वरचं मिळतं आणि रात्रीची धग खालची. वाईत राहून महाबळेश्वर करणाऱ्यांचंही हेच होतं. डोंगरावर जाण्याचं खरं सुख रात्रीत आणि पहाटेत असतं, तेव्हा मुक्काम वरच हवा, भले खोली साधी असो.

पावसाळ्यातले फोटो बघून ठरवणं

भंडारदऱ्याचे धबधबे, आंबोलीचं धुकं, ठोसेघर, चिखलदऱ्याचं भीमकुंड यांचे फोनवर फिरणारे बहुतेक फोटो जुलै ते सप्टेंबरमधले असतात. कासच्या फुलांचाही हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धातला. मे महिन्यात तिथे कोरडे कडे आणि तपकिरी गवत असतं. आंबोली जेमतेम सातशे मीटरवर आहे आणि कोकणाच्या बाजूची दमट हवा थेट वर येते. मुलांना स्ट्रॉबेरीचे मळे दाखवायचं कबूल करून मेअखेर महाबळेश्वर गाठलं तरी हिरमोड ठरलेला, कारण तो हंगाम एप्रिलपर्यंत सरत येतो.

उपाय सोपा आहे. त्या ठिकाणचे, त्या हॉटेलचे अभिप्राय वाचताना ताजे वाचू नका, मागच्या मे महिन्यातले वाचा. पाणी दिवसभर होतं की बादलीने आणून दिलं, वीज किती वेळा गेली, हे तिथेच कळतं. डोंगरावरच्या कित्येक गावांना मेमध्ये पाण्याची ओढ असते. फोनवर ‘खोलीत कोणकोणत्या वेळी पाणी येतं’ असं स्पष्ट विचारा. पाणी आहे का, असं विचारलं तर उत्तर ‘आहे’ असंच येणार.

भंडारदऱ्याला मात्र मेअखेर जायला एक चांगलं कारण आहे: काजवे. पहिल्या पावसाच्या आधीच्या रात्री तिथली झाडं लुकलुकत असतात. तेवढ्यासाठी जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा. गाड्यांच्या दिव्यांपुढे काजवे दिसत नाहीत, आणि तिथली गर्दी त्यांच्या मुळावर येते आहे.

फक्त खोलीचा दर बघणं

एक खोली दोन हजारांची आणि दुसरी साडेतीन हजारांची, तर पहिली स्वस्त, असं वाटतं. पण पहिलीत जादा गादीचे वेगळे, मुलाचं वय दहाच्या वर म्हणून त्याचे वेगळे, चहा-नाश्ता वेगळा आणि दोन्ही वेळचं जेवण बाजारात. माथेरानसारख्या ठिकाणी हंगामात बरीच हॉटेलं जेवणासह दरडोई दर सांगतात. म्हणून सगळीकडे एकच प्रश्न विचारा: आम्ही इतके मोठे, या वयाची इतकी मुलं, दोन वेळचं जेवण आणि कर धरून एका रात्रीचे एकूण किती? उत्तर लिहून मागवा. अशी तुलना केली की बहुतेकदा मधल्या दराची, जेवणासकटची जागाच परवडते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजारपेठेतच राहण्याचा हट्टही सोडा. या दोन्हींच्या मधे भिलार आहे, २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून ओळखलं जाणारं. तिथे घराघरांत मराठी पुस्तकं मांडून ठेवलेली आहेत, कुणीही बसून वाचावीत, पैसे पडत नाहीत. राहायची घरगुती सोय होते, हवा पाचगणीचीच. उन्हाळ्याच्या दुपारी मुलांना कुठे न्यायचं, या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

एसटीचा हिशेबच न करणं

गाडी भाड्याने ठरवायच्या आधी एकदा कागदावर मांडा. समजा आजोबा ७६ वर्षांचे, आजी ६८ची, आई-वडील, १३ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट. मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना निम्मं. पाच ते बारा वयाच्या मुलांनाही निम्मं. म्हणजे आजोबांचं शून्य, आजी, आई, मुलगी, मुलगा प्रत्येकी अर्धं, वडिलांचं पूर्ण: सहा माणसं तीन तिकिटांत. आधार कार्ड जवळ ठेवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती असते, त्यामुळे नाशिकहून सापुताऱ्याला जाताना सीमेपलीकडचं भाडं पूर्ण पडतं.

चिल्लीपिल्ली आणि सामान घेऊन एसटी नको वाटते, हे खरं आहे. पण पुढच्या बाजूच्या जागा आरक्षित केल्या, घाट लागायच्या आधी पोटात हलकं काहीतरी असलं आणि मुलाला फोन बघू दिला नाही, तर घाटातला उलट्यांचा त्रास पुष्कळ कमी होतो.

शेवटचे पाच किलोमीटर विसरणं

माथेरानला गाडी दस्तुरी नाक्याला थांबते. पुढे बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर किंवा अमन लॉजहून निघणाऱ्या मिनी ट्रेनच्या शटलने. आजीचे गुडघे दुखत असतील तर हॉटेल स्टेशनपासून किती लांब आहे, हे दर विचारायच्या आधी विचारा. सामान उचलून नेता येईल इतकंच घ्या. हमालीचे पैसे दोन्ही वेळा लागतात.

पचमढीला वेगळी गोष्ट. मुंबई, नाशिक, जळगावकडून इटारसीमार्गे जबलपूरकडे जाणाऱ्या गाड्या पिपरियाला थांबतात आणि तिथून वर जायला बस-जीप मिळतात, म्हणून पोहोचणं स्वस्त पडतं. पण बी फॉल, धूपगड अशी जंगलातली ठिकाणं स्थानिक जिप्सीने बघावी लागतात आणि भाडं गाडीमागे असतं. दोन लहान कुटुंबांनी मिळून एक जिप्सी केली तर खर्च निम्म्यावर येतो. ऊटी-कोडाईकनालला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, मे २०२४ पासून तिथे बाहेरच्या वाहनांना ई-पास लागतो.

सात दिवसांत मनाली

ओढ मी समजू शकतो. मुलांना बर्फ दाखवायचा असतो. पण महाराष्ट्रातून रेल्वेने आणि पुढे बसने जाण्यात दोन आणि येण्यात दोन दिवस गेले तर उरतात तीन. त्या तीन दिवसांसाठी चौघांची तिकिटं, हंगामातली हॉटेलं आणि टॅक्सीचे वेगळे पैसे. हातात दहा दिवस नसतील तर हा बेत पुढच्या वर्षावर टाका. असतील तर मेच्या पहिल्या आठवड्यात जा, दिल्लीकडच्या शाळांना सुट्टी लागायच्या आत. रेल्वेचं आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. बर्थ हवी असेल तर पाच वर्षांवरील मुलांचंही पूर्ण तिकीट लागतं. रोहतांगला गाडीमागे परवाना लागतो आणि मंगळवारी रस्ता बंद असतो. तो रस्ता जवळजवळ चार हजार मीटरवर जातो, तेव्हा तान्ह्या बाळाला किंवा दम्याच्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका.

आरक्षण झालंय आणि आता चूक कळली, तर

शनिवार-रविवारच मिळाला असेल तर हॉटेलला फोन करून सोमवार ते गुरुवार बदलून मागा. रद्द करण्यापेक्षा तारीख बदलून द्यायला बहुतेक मालक राजी होतात. बदलत नसेल आणि महाबळेश्वर-पाचगणीलाच जायचं असेल, तर पुण्याहून पहाटे पाचच्या आत निघा, कारण दिवस चढला की पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते. सातारकरांना मेढा-केळघरवरून आणि कोकणातून येणाऱ्यांना पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठता येतं.

लोणावळ्याचे पैसे भरून बसला असाल तर दुपार खोलीत काढा आणि सकाळी लवकर कार्ले किंवा भाजे लेण्यांत जा. कातळाच्या आत उन्हाळ्यातही गारवा असतो.

जूनच्या पहिल्या आठवड्याचं ठरवत असाल तर दर उतरलेले मिळतील, पण मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो आणि वळीव त्याच्याही आधी झोडपतो. अशा वेळी आगाऊ पैसे एकाच रात्रीचे भरा, उरलेले तिथे पोहोचून खोली बघितल्यावर. आणि सातपुड्यातलं तोरणमाळ ठरवलंत तर रोख पैसे शहाद्यातच काढून घ्या, वर जेवण सांगून करून घ्यावं लागतं, म्हणून पोहोचल्या पोहोचल्या रात्रीच्या भाकरीचं सांगून ठेवा आणि मगच यशवंत तलावाकडे फिरायला निघा.