स्पीच थेरपीच्या मास्टर्ससाठी अमेरिकेत अर्ज करताना: तयारी केव्हा आणि कुठून सुरू करावी

अमेरिकेत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या, म्हणजे आपण स्पीच थेरपी म्हणतो त्या विषयाच्या, मास्टर्सचे वर्ग बहुतेक विद्यापीठांत ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरात सुरू होतात आणि अर्जांच्या मुदती साधारणतः आदल्या डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान संपतात. एवढी माहिती हाती आली की नवीन आलेली मंडळी दिवाळी आटोपून तयारीला लागतात, आणि त्यांचे एक वर्ष तिथेच हुकते. अर्ज भरायला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो भारतातून यायच्या कागदांना, आणि त्यांच्यावर आपला ताबा सर्वांत कमी असतो. म्हणून ज्या ऑगस्टमध्ये वर्गात बसायचे असेल, त्याच्या आदल्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल सुरू करावी, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

प्रथम मास्टर्स का लागते, ते थोडक्यात पाहू. या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना म्हणजे १९२५ साली स्थापन झालेली अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन. इथे सगळे तिला ‘आशा’ म्हणतात (आपल्याकडच्या आशा सेविकांशी तिचा काही संबंध नाही). तिचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी तिच्या मान्यता परिषदेने, म्हणजे सीएएने, मान्य केलेल्या अभ्यासक्रमाची मास्टर्स पदवी, ४०० तासांचे क्लिनिकल काम, प्रॅक्सिस या राष्ट्रीय परीक्षेत किमान १६२ गुण आणि पदवीनंतर किमान ३६ आठवड्यांची पूर्णवेळ क्लिनिकल फेलोशिप (मार्गदर्शकाच्या देखरेखीखालील नोकरी) हा नेहमीचा मार्ग आहे. राज्यांचे परवाने बहुतांशी याच चौकटीवर बेतलेले असतात. मुंबईच्या अली यावर जंग संस्थेतून, नायर रुग्णालयाच्या टोपीवाला महाविद्यालयातून, पुण्याच्या भारती विद्यापीठातून किंवा म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेतून बीएएसएलपी (वाचा-श्रवणशास्त्राची पदवी) करून आलेल्यांनी हे लक्षात ठेवावे की, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी भारतात कितीही मोलाची असली, तरी ती येथील परवान्याची जागा घेत नाही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांच्या संघटनांशी ‘आशा’चा परस्पर मान्यतेचा करार आहे, भारताशी नाही. भारतात मास्टर्सही पूर्ण केलेल्यांना आपल्या पदवीची समकक्षता तपासून घेऊन थेट प्रमाणपत्राकडे जाता येते का, हे आधी पाहावे. दुसऱ्यांदा मास्टर्स करणे हा त्यांच्यासाठी पहिला पर्याय नसावा.

आता कागदपत्रांकडे वळू. बहुतेक विद्यापीठे परदेशी पदवीचे विषयवार मूल्यमापन मागतात. डब्ल्यूईएससारख्या संस्था ते करून देतात आणि एकदा तयार झालेला अहवाल अनेक विद्यापीठांना पाठवता येतो. मात्र ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व वर्षांचे अधिकृत गुणपत्रक, अशा संस्थेकडे तुमच्या हातून जाऊन चालत नाही. ते महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने स्वतः, सीलबंद पाकिटातून किंवा त्यांच्या ऑनलाइन व्यवस्थेतून पाठवावे लागते. ज्यांची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आहे, त्यांना महाविद्यालयाचे कार्यालय आणि विद्यापीठ अशा दोन्ही ठिकाणी पाठपुरावा करावा लागू शकतो, हे धरूनच चालावे. परीक्षांचा हंगाम, मेची सुटी, गणपती आणि दिवाळी एवढे वगळले, तर कार्यालयात निवांतपणे काम होण्याचे महिने किती उरतात ते आपणच मोजून पाहावे. गावी असलेल्या भावाला किंवा मैत्रिणीला अधिकारपत्र देऊन ठेवल्यास निम्मा ताप वाचतो.

नावाचा घोळ हा खास आपला प्रश्न आहे. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो आणि खाली आईचे नाव वेगळे छापलेले असते. पासपोर्टवर लग्नानंतरचे आडनाव आणि मधे नवऱ्याचे नाव असते. पदवी प्रमाणपत्रावर एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेले असते, ते निराळेच. मूल्यमापन करणाऱ्या अमेरिकन कारकुनाच्या दृष्टीने ही तीन वेगवेगळी माणसे ठरतात आणि फाइल बाजूला पडते. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत पहिल्याच दिवशी जोडावी, आणि त्यानंतर प्रत्येक फॉर्मवर, ईमेलवर, इंग्रजीच्या परीक्षेच्या नोंदणीवरही पासपोर्टवरचेच नाव अक्षरशः तसेच लिहावे.

टक्केवारीचे स्वतःहून जीपीएत (अमेरिकन पद्धतीच्या सरासरी श्रेणीत) रूपांतर करू नये. अमेरिकन शाळेत ६२ टक्के म्हणजे जेमतेम उत्तीर्ण, पण मूल्यमापन संस्था भारतीय प्रथम वर्गाला भारतीय मोजपट्टीनेच श्रेणी लावते. माझ्या ओळखीत गुण कमी असल्याच्या भीतीने अर्जच न केलेल्या मुली आहेत, आणि त्याहून कमी टक्के असताना प्रवेश मिळवलेल्याही आहेत.

याच सुमारास पूर्वअट विषयांचा हिशेबही मांडावा. ‘आशा’च्या नियमांनुसार जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि एक सामाजिक अथवा वर्तनविषयक शास्त्र हे चार पायाभूत विषय महाविद्यालयीन पातळीवर झालेले असावे लागतात. आपल्याकडील हुशार विद्यार्थी इथेच अडतो, कारण बारावीला जीवशास्त्रात पंच्याण्णव गुण असले, तरी बारावी येथे शालेय शिक्षणात मोडते. बीएएसएलपीच्या गुणपत्रिकेत संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र बहुधा सापडते. उरलेला एखादा विषय जवळच्या कम्युनिटी कॉलेजात उन्हाळी सत्रात, बहुतेकदा ऑनलाइनही, पूर्ण होतो. पण तो घेण्याआधी हव्या त्या विद्यापीठाकडून तो चालेल असे लेखी उत्तर घ्यावे.

जोडीदाराबरोबर एच-४ व्हिसावर आलेल्या आणि मानसशास्त्र, भाषाशास्त्र किंवा अगदी अभियांत्रिकीची पदवी असलेल्या अनेक जणी या क्षेत्राकडे वळतात, आणि माझ्या मते त्या फार चांगल्या थेरपिस्ट होतात. त्यांना ध्वनिविज्ञान, वाचा-श्रवणयंत्रणेची शरीररचना, बालकांचा भाषाविकास, प्राथमिक ऑडिओलॉजी असे विषय आधी करावे लागतात. त्यांना ‘लेव्हलिंग’चे विषय म्हणतात. युटा स्टेट युनिव्हर्सिटी, व्हर्जिनियातील लाँगवूड आणि ईस्टर्न न्यू मेक्सिको ही विद्यापीठे असे विषय ऑनलाइन शिकवतात. या मार्गाला किमान एक शैक्षणिक वर्ष जास्त धरावे. तीन वर्षांची बीए किंवा बीकॉम असल्यास ती चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची मानतात का, हे प्रत्येक विद्यापीठात आधी विचारावे. एच-४ वर शिकण्यास बंदी नाही, आणि काही राज्यांत रहिवाशांची कमी फीही लागू होते. ही फार मोठी सवलत आहे आणि चौकशी न केल्यामुळेच ती अनेकींच्या हातून जाते. याउलट, भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर यायचे असेल, तर पूर्णपणे ऑनलाइन असलेला अभ्यासक्रम निवडता येत नाही.

विद्यापीठे निवडताना मासिकांच्या क्रमवाऱ्यांवर फार भिस्त ठेवू नये. सीएएच्या नियमामुळे प्रत्येक अभ्यासक्रमाला प्रॅक्सिसमधील यश, वेळेत पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण आणि नोकरी मिळाल्याचे प्रमाण जाहीर करावे लागते. त्यांवरून खरी कल्पना येते. ‘आशा’च्या ‘एडफाइंड’ या शोधसुविधेत किती अर्ज आले, किती जणांना प्रवेश मिळाला आणि त्यांचे जीपीए साधारण किती होते, हेही दिसते. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक विद्यापीठांनी काढून टाकली आहे, म्हणून आधी यादी करावी आणि यादीतल्या एखाद्या विद्यापीठाने मागितली तरच परीक्षेची फी भरावी. टोफेल-आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मात्र दोनच वर्षे ग्राह्य धरले जातात.

अभ्यासक्रम कोणत्या महिन्यात संपतो, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, पण एफ-१ वर असणाऱ्यांनी तो जरूर विचारावा. पदवीनंतर कामाची परवानगी, म्हणजे ओपीटी, १२ महिन्यांची असते. हा विषय स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) सरकारी यादीत नसल्याने पुढची वाढ मिळत नाही, आणि त्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. त्यातच ३६ आठवड्यांची फेलोशिप बसवायची असते. शाळा बहुधा वसंतातच ऑगस्टच्या नोकऱ्यांच्या जागा भरू लागतात, त्यामुळे मेमध्ये संपणारा अभ्यासक्रम डिसेंबरमध्ये संपणाऱ्यापेक्षा सोयीचा पडतो.

अर्ज बहुतेक ठिकाणी सीएसडीकॅस या सामायिक संकेतस्थळावरून होतात. ते साधारण जुलै-ऑगस्टमध्ये नव्या हंगामासाठी उघडते. काही विद्यापीठे त्याच्या जोडीला स्वतःच्या ग्रॅज्युएट स्कूलचा वेगळा अर्ज आणि वेगळी फी मागतात. काही तर या व्यवस्थेत नाहीतच. इथे नीट वाचायची गोष्ट म्हणजे मुदतीचा अर्थ. एखाद्या विद्यापीठाला १५ जानेवारीपर्यंत अर्ज फक्त दाखल झालेला चालतो, दुसऱ्याला त्या तारखेपर्यंत ट्रान्सक्रिप्ट आणि शिफारसपत्रे पोहोचून अर्ज पूर्ण झालेला लागतो, तर तिसऱ्याला सीएसडीकॅसकडून पडताळणीही झालेली हवी असते. पडताळणीस काही आठवडे जाऊ शकतात. तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ‘सबमिट’ करणाऱ्याला जानेवारीत निवांत झोप लागते.

शिफारसपत्रे बहुधा तीन लागतात, आणि ती सप्टेंबरमध्येच मागावीत. आपल्याकडील अनेक प्राध्यापक प्रेमाने म्हणतात, “तूच लिहून आण, मी सही करते.” तसे मुळीच करू नये. पत्र प्राध्यापकांनी स्वतः संकेतस्थळावर चढवायचे असते, आणि एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. त्याऐवजी मॅडमना किंवा सरांना एका पानाचे टिपण द्यावे: कोणत्या पोस्टिंगला आपण त्यांच्या हाताखाली होतो, कोणते रुग्ण पाहिले, काय चुकले आणि पुढे ते कसे सुधारले. संस्थेचा ईमेल पत्ता द्यावा, लिंक स्पॅममध्ये जाते हे आधीच सांगून ठेवावे, आणि पत्र वाचण्याचा हक्क सोडल्याची खूण अर्जात करावी. ती न केल्यास पत्राचे वजन कमी होते. तिघांपैकी एकाने तरी तुम्हाला क्लिनिकमध्ये काम करताना पाहिलेले असावे.

एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या आपल्याविषयीच्या निवेदनात, ‘लहानपणापासून लोकसेवेची ओढ’ असे काही लिहू नये. निवड समितीपुढे तशा शेकडो प्रती असतात. एकच मूल घ्यावे आणि नीट दाखवावे. समजा, ठाण्यातल्या बालवाडीतले चार वर्षांचे एक मूल ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाय’ला ‘दाय’ म्हणत होते. ही चूक शब्दाच्या सुरुवातीलाच होते की मध्येही, ‘कार’ आणि ‘तार’ ऐकताना त्याला फरक कळतो का, ‘गार-दार’ अशा जोड्या घेऊन तुम्ही काय केले, आजीने घरी काय करून घेतले, आणि जे जमले नाही ते का जमले नसावे, एवढे सांगितले की तुम्हाला विचार करता येतो हे वाचणाऱ्याला कळते. मराठी न जाणणाऱ्या वाचकासाठी एका वाक्यात उच्चारस्थानाचा खुलासा पुरतो. दोन-तीन भाषांतल्या मुलांबरोबर केलेले काम आपल्याकडे इतके नेहमीचे असते की आपण ते लिहितच नाही. अमेरिकन विद्यापीठांना नेमके तेच वाचायचे असते. शेवटचा परिच्छेद त्या-त्या विद्यापीठासाठी वेगळा असावा. तोतरेपणावर काम करायचे असेल आणि तिथे त्या विषयाचे कोणी प्राध्यापकच नसतील, तर तसे लिहिण्यात काही अर्थ नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाखती होतात. काही ठिकाणी समोर कोणीच नसते. पडद्यावर प्रश्न येतो, विचाराला थोडा अवधी मिळतो आणि ठरावीक मिनिटांत कॅमेऱ्याकडे पाहून उत्तर द्यायचे असते. त्याचा सराव मोबाइलसमोर बसून करावा. आपल्या उच्चारांविषयी अवघडून जाऊ नये. बोलण्याची ढब हा वाचादोष नव्हे, ही ‘आशा’ची जुनी आणि स्पष्ट भूमिका आहे, आणि हवा तो ध्वनी रुग्णाला करून दाखवता आला की पुरते. उसना अमेरिकन उच्चार आणणारे उमेदवार मात्र दोन मिनिटांत ओळखू येतात.

प्रवेशाची पत्रे मार्चमध्ये येऊ लागतात, आणि अनेक विद्यापीठांत निर्णय कळवण्याची तारीख १५ एप्रिल असते. त्याआधी कोणी अनामत भरायची घाई करत असेल, तर ती परत मिळते का, हे विचारावे. प्रतीक्षायादीत असाल, तर अजून इच्छुक असल्याचा छोटा ईमेल संचालकांना पाठवावा आणि जूनपर्यंत वाट पाहावी, कारण १५ एप्रिलनंतर बऱ्याच जागा मोकळ्या होतात. भारतात असलेल्यांना मात्र इतके थांबणे परवडतेच असे नाही: आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाने द्यायचा कागद) हाती येणे, बँकेची कागदपत्रे आणि मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीची तारीख यांना उन्हाळ्यातले महिने पुरत नाहीत. अशा वेळी उशिरा आलेली जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येईल का, असे लेखी विचारावे. काही विद्यापीठे ते मान्य करतात.