रानातला मध घरी आणलाय? मग या चुका टाळा

पौषातल्या थंडीत माझ्या फोनवर दरवर्षी एकाच तऱ्हेचा फोटो येतो. काचेची बरणी, तळाशी पांढरट दाणेदार थर, आणि खाली विचारलेलं, "ताई, यात तं साखर निघाली. फसवलं ना आपल्याले?" आमचं गाव परतवाड्याच्या पलीकडे, मेळघाटच्या पायथ्याशी. घरामागे सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, सहा पेट्या आहेत, आणि डोंगरातून येणारा आग्या मोहोळाचा मधही दरवर्षी घरात असतो, म्हणून लोक मला विचारतात. यंदा एका मावशींनी मात्र विचारलंच नाही. अर्धी बरणी सरळ नालीत ओतली. एक कामकरी माशी जन्मभर राबते तरी तिच्या वाट्याचा मध चहाचा एक चमचाही भरत नाही. त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं.

गोठलेला मध फेकणं, आणि मग तो उकळणं

मधात मुख्यतः दोन साखरा असतात, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. ग्लुकोज पाण्यात कमी विरघळते, म्हणून थंडी पडली की तीच आधी दाणे धरते. साधारण १४ अंशांच्या आसपास हे सगळ्यात लवकर होतं, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर रात्री तेवढी थंडी असतेच. माशा कोणत्या फुलांवर होत्या त्यावरही बरंच अवलंबून असतं. मोहरीचा मध काही आठवड्यांतच लोण्यासारखा घट्ट होतो, काही मध वर्षभर वाहते राहतात. त्यामुळे गोठला तो भेसळीचा आणि पातळ राहिला तो अस्सल, हा हिशेबच चुकीचा आहे.

पुढची चूक जास्त नुकसानीची. बरणी थेट गॅसवर ठेवतात, नाहीतर उकळत्या पाण्यात. मध पातळ होतो खरा, पण त्याचा वास उडतो, माशांनी त्यात घातलेली पाचक द्रव्यं मरतात आणि रंग काळपट पडतो. न तापवलेला मध म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि घरी आणून तोच उकळायचा, याला काय अर्थ? गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी तापवा, गॅस बंद करा, आणि आपला हात त्या पाण्यात सुखानं ठेवता येईल इतकं ते निवू द्या. मग त्यात काचेची बरणी ठेवा. पाणी गार झालं की बदला. तास-दोन तास लागतील, घाई करू नका. किंवा काहीच करू नका, दाणेदार मध भाकरीवर लोण्यासारखा पसरतो. मला तो तसाच जास्त आवडतो.

फ्रिजमध्ये ठेवलेला मध घट्ट होतो, आणि नीट पिकलेल्या मधाला फ्रिजची गरजही नाही. उन्हाळ्यात मात्र सांभाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या घरात वरच्या फळीवर तर अंगाची लाही होते. बरणी खाली, भिंतीच्या आडोशाला, जिथे माठ ठेवता तिथे जवळपास ठेवा. माठाला लागून मात्र नको, ओल येते.

"कच्चा मध" या शब्दाचा घोळ

दुकानातल्या लेबलावर कच्चा मध म्हणजे न तापवलेला मध. मधपाळाच्या तोंडी कच्चा म्हणजे न पिकलेला. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि घरात आंबणारा मध बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो.

फुलातला रस पाण्यासारखा पातळ असतो. माशा तो पोळ्यात आणून पंखांनी वारा घालून आटवतात, आणि पुरेसा आटला की पोळ्यातल्या त्या कप्प्यावर मेणाचं झाकण बसवतात. झाकण बसलं की मध पिकला. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार मधात पाणी २० टक्क्यांच्या वर नको. आग्या मोहोळाचं पोळं उघड्या फांदीवर किंवा कड्यावर टांगलेलं असतं, म्हणून त्याचा मध मुळातच जरा पातळ येतो. त्यात कोणी घाईनं झाकण न बसलेलं पोळं कापलं तर तो मध पावसाळा काढत नाही. मधातली यीस्ट जागी होते आणि मध आंबतो.

आता फेस कसा ओळखायचा? गाळून दोन-तीन दिवसांत वर येतो तो हवेचा आणि मेणाच्या कणांचा फेस. चमच्यानं काढून टाका, मध चांगला आहे. पण काढलेला फेस पुन्हा पुन्हा येत असेल, झाकण उघडताना फुस्स होत असेल आणि आंबलेल्या मोहफुलांसारखा वास येत असेल, तर तो मध खाण्यातून गेला. त्या बाटलीचं झाकण आधी सैल करा. आत वायू साठून काच फुटू शकते. पातळ मध चांगला असतानाच फ्रिजमध्ये ठेवला आणि महिना-दोन महिन्यांत संपवला, तर ही वेळ येत नाही.

बरणीत अर्धा मध गोठून खाली बसला असेल आणि वर पातळ थर असेल तर तिकडेही लक्ष ठेवा. दाणे खाली गेल्यामुळे वरच्या थरात पाण्याचं प्रमाण वाढतं आणि आंबायला सुरुवात तिथूनच होते. कोरड्या चमच्यानं ढवळून सगळा एकजीव करा. चमचा कोरडाच हवा, हे मी घरात रोज सांगते. मध हवेतलं पाणीसुद्धा ओढतो, तेव्हा आषाढ-श्रावणात झाकण उघडं राहिलं तरी पुरे.

धातूचा चमचा लावू नये म्हणतात, त्यात तथ्य नाही. स्टीलच्या चमच्यानं काही होत नाही. पण मध आम्लधर्मी असतो, म्हणून पितळ, तांबं किंवा लोखंडाच्या भांड्यात तो साठवू नका.

पाण्याचा ग्लास, काडेपेटी आणि कुत्रा

मध ग्लासात सोडला की सरळ तळाशी जातो, वातीला लावला की वात पेटते, कुत्रा तोंड लावत नाही. अस्सल मध ओळखायच्या या सगळ्या परीक्षा मी लहानपणापासून बघते आहे. घट्ट साखरेचा पाकही तळाशी जातो. रानातला पातळ पण अस्सल मध मात्र ग्लासात लवकर विरघळतो आणि बिचारा नापास होतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं बाजारातले १३ ब्रँड तपासले, तेव्हा एनएमआर या प्रगत चाचणीत त्यातले १० नापास झाले. नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवणारा पाक बनवून विकला जातो, हेही त्या तपासात पुढं आलं. जिथे प्रयोगशाळा फसते तिथे ग्लासभर पाणी काय सांगणार?

उपाय एकच, मध कुठून येतो ते माहीत असणं. चिखलदरा तालुक्यातलं आमझरी "मधाचे गाव" म्हणून पुढं आलं आहे. आसपासच्या मधपाळाकडे जा, पेट्या बघा, कोणत्या महिन्यात काढला ते विचारा. फाल्गुनात पळस आणि त्यानंतर करंज फुलतो, तुरीचं फूल दिवाळीच्या मागंपुढं. महिना आणि फूल जुळत असेल तर माणूस खरं सांगतो आहे. आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) किंवा तुरीच्या वावराच्या धुऱ्यावर फवारणीच्या दिवसांत सापडलेलं पोळं कितीही भरलेलं दिसलं तरी घरी आणू नका. मी तरी आणत नाही.

पोळं पिळणं

मला सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक हीच. आग्याचं पोळं म्हणजे एकच मोठा पडदा असतो. त्यात मध वरच्या जाड भागात, फांदीलगत असतो. खाली पराग, आणि त्याखाली अंडी, अळ्या, कोष. लोक धूर करून, कधी कधी चक्क टेंभा लावून अख्खं पोळं उतरवतात आणि फडक्यात घालून हातानं पिळतात. अळ्यांचं पाणी मधात उतरतं, मध गढूळ होतो, वास मारतो, लवकर आंबतो. अळ्या मुद्दाम वेगळ्या काढून खाणारे लोक आपल्या जंगलात आहेत. त्यांचं ते अन्न आहे आणि त्यांना ते नीट कळतं. माझा आक्षेप मधात अळ्या पिळण्याला आहे.

फक्त मधाचा भाग कापून घेतला आणि खालचा पिलांचा भाग फांदीवर राहू दिला तर माशा ते पोळं पुन्हा बांधतात. ही अहिंसक पद्धत रुजवायला वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं आपल्याच विदर्भात मोठं काम केलं आहे. पोळं घरात आलं असेल तर आधी ते उजेडात धरा. मेणानं बंद, फिकट रंगाचा भाग वेगळा कापा. पराग किंवा अळ्या असलेला भाग त्यात जाऊ देऊ नका. मधाचा भाग सुरीनं चिरून स्वच्छ कोरड्या कापडावर किंवा गाळणीवर ठेवा आणि रात्रभर आपोआप निथळू द्या. पिळायचं नाही.

पोळं चावून खायचं असेल तर नवं, पांढरट-पिवळं निवडा. काळं पडलेलं पोळं जुनं असतं, त्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या कोषांची आवरणं असतात. मेण चावून थुंकून टाका. थोडं पोटात गेलं तर अपाय नाही, पण ते पचत नाही, म्हणून मुलांना मोठे तुकडे गिळू देऊ नका. आणि पोळं तव्यावरून काढलेल्या भाकरीवर ठेवू नका. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, भाकरीत मुरतं आणि घास मेणचट लागतो. वाफ जाऊ द्या. कोमट ज्वारीची भाकर, घरचं लोणी आणि वर बोटभर पोळं, एवढं एकदा खाऊन बघा. फुटाण्यांसोबतही छान लागतं.

ठेवलेल्या पोळ्यात बारीक जाळी आणि अळ्या दिसल्या तर ती मेणकिड्याची करामत. पोळं आणल्याबरोबर दोन पिशव्यांत घट्ट बांधून दोन दिवस फ्रिजरमध्ये ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. गारवा उतरेपर्यंत थांबा, म्हणजे दव पिशवीवर धरेल, पोळ्यावर नाही.

तान्ह्या बाळाच्या जिभेवर मध

बाकी सगळ्या चुकांत मध वाया जातो. ही चूक जिवावर बेतू शकते. नवजात बाळाला सोन्याच्या अंगठीनं मध चाटवायची रीत आमच्याही घरात होती. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते वाढत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढू शकतात आणि तिथेच विष तयार करतात. बाळाला शौचाला होत नाही, दूध ओढायची ताकद जाते, रडणं क्षीण होतं, पापण्या आणि मान ढिली पडते. अशी लक्षणं दिसली तर थांबू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा. मध घरी उकळून हे बीजाणू मरत नाहीत, आणि मध अस्सल असल्यानंही फरक पडत नाही. बाळाला बारा महिने पूर्ण होईपर्यंत चाटणही नको, गुटी उगाळायलाही नको, चोखणीला लावायलाही नको. बाळंतिणीनं खाल्ला तर चालतो.

माझ्या भाच्याच्या वेळी मी आजीच्या हातून अंगठी काढून घेतली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच त्या अंगठीला आईचं दूध लावून बाळाच्या ओठाला टेकवलं.

घरात कुणाला मधुमेह असेल तर "मध आहे, साखर नाही" म्हणून समजूत घालू नका. पोहे खायचा मोठा चमचा भरून मधात सुमारे १७ ग्रॅम साखर असते.

पराग, रॉयल जेली वगैरे

परागाचे दाणे हल्ली घरपोच मिळतात. पहिल्या दिवशी चमचाभर खाणं ही चूक. दोन-तीन दाणे जिभेवर ठेवा, दिवसभर वाट बघा, मग हळूहळू वाढवा. अंगावर पित्त उठणाऱ्यांनी आणि दमेकऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पराग आणि रॉयल जेली (माशा राणीमाशीला भरवतात तो पांढरट रस) दोन्हीला हात लावू नये. ताज्या परागात ओल असते, तो बाहेर बुरसतो, म्हणून फ्रिजरमध्येच ठेवा. आणि सातेरीच्या पेटीतला प्रोपोलिस म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. प्रोपोलिस म्हणजे झाडांची राळ, ती परदेशी मेलिफेरा माशी गोळा करते, सातेरी करत नाही.

राहिलेलं मेण

निथळून उरलेलं पोळं टाकू नका. जुन्या डब्यात भरपूर पाणी घालून त्यात ते मंद आचेवर वितळवा. स्वयंपाकाचं भांडं वापरलंत तर ते परत चकचकीत होणार नाही. नुसतं मेण थेट आचेवर कधीच ठेवू नका, पेट घेतं. कापडातून गाळा आणि रात्रभर निवू द्या. सकाळी वर पिवळी चकती तयार असते. तिचा एक भाग आणि तिळाच्या तेलाचे चार भाग गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत एकत्र केले की भेगांचा मलम होतो. दिवाळीनंतर आमच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या बाया त्याची डबी मागून नेतात आणि रात्री टाचांना चोळून, वर जुने मोजे घालून झोपतात.