कॅल्शियम टंगस्टेट बनवताय? मग भट्टीआधी पीएच आणि धुणं सांभाळा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला टंगस्टेट (टंगस्टन आणि ऑक्सिजन असलेला क्षार) आलं असेल तर सुरुवात कॅल्शियम टंगस्टेटनेच करा. निसर्गात हेच शीलाइट म्हणून मिळतं, 1781 मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शीलेने याच खनिजातून टंगस्टिक ॲसिड काढलं होतं, आणि आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना पट्ट्यातही ते आहे. वितळायला जवळजवळ 1600 अंश सेल्सियसच्या वर जावं लागतं, म्हणजे साध्या मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या विजेच्या भट्टीत) त्याला काही होत नाही. तरीही तापवल्यावर वजन घटलं तर ते बहुतेक वेळा आपण बनवताना राहिलेल्या चुकीमुळे घटतं.

सोडियम टंगस्टेट डायहायड्रेट 1.65 ग्रॅम घ्या, उकळून थंड केलेल्या 50 मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. दुसऱ्या बीकरमध्ये कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट 0.75 ग्रॅम, तेवढ्याच पाण्यात. कॅल्शियम मुद्दाम किंचित जास्त घेतलंय, का ते पुढे सांगते. स्टररवर ढवळत कॅल्शियमचं द्रावण थेंबथेंब टाका, लगेच दुधासारखं पांढरं होतं, मग तासभर ढवळत राहू द्या.

पीएच 8 ते 9 च्या आसपास ठेवा. ॲसिडिक झालं की टंगस्टेटचे आयन एकमेकांना जोडून पॅराटंगस्टेट बनतात आणि हवा तो पदार्थ मिळत नाही, आणि फार बेसिक केलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट सोबत खाली बसतं. दोन्ही पांढरेच, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही.

आता धुणं, इथे घाई नकोच. माझा पहिला बॅच मी दोनदाच धुतला आणि 900 अंशांना टाकला, सकाळी क्रुसिबल काढलं तर पावडर तळाला गच्च चिकटलेली, स्पॅट्युलाने खरवडून पण निघेना. आत रिॲक्शनमध्ये तयार झालेलं मीठ (सोडियम क्लोराइड) राहिलं होतं, ते 801 अंशांना वितळतं आणि सगळे कण एकमेकांना चिकटवतं. तेव्हापासून मी शेवटच्या धुवणाचे दोन थेंब सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकून बघते, गढूळ झालं तर मिठातलं क्लोराइड उरलंय, परत धुवायचं. पण द्रावणात टंगस्टेट उरलं असेल तर सिल्व्हर टंगस्टेटमुळेही गढूळ होतं, म्हणून वर कॅल्शियम जास्त घेतलं.

100 अंशांना ओव्हनमध्ये सुकवा, पूर्ण मिळालं तर 1.44 ग्रॅम येतं. मग 600 अंशांना चार तास, कण मोठे होतात आणि एक्सआरडीचे (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासायच्या चाचणीचे) पीक टोकदार होतात, सगळ्यात मोठा कॉपर रेडिएशनला 28.8 अंशांच्या कोनाजवळ (2θ) दिसायला हवा.

टीजीए (तापवत जाताना वजन किती घटतं ते मोजायची चाचणी) काढलात तर 200 अंशांपर्यंतची घट म्हणजे पाणी, त्याची चिंता नको. 650-750 च्या मधे पायरी दिसली तर ते कार्बोनेट आहे, "टंगस्टेट 700 ला विघटित होतं" असं रिपोर्टमध्ये लिहून मोकळं होऊ नका, पीएच तपासा आणि नवीन बॅच करा.

कॅल्शियम कार्बोनेट आणि टंगस्टन ट्रायऑक्साइड एकत्र खलून भट्टीत टाकायची पद्धतही आहे. तिथे सुरुवातीच्या वजनातून 13.3 टक्के कमी होणं म्हणजे रिॲक्शन पूर्ण, कारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड जातो. त्याहून जास्त गेलं तर एकतर कच्चा माल ओला होता किंवा खूप तापवल्याने ट्रायऑक्साइड उडालं.

शेवटी तोच नमुना 1000 अंशांना दोन तास ठेवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा न शिरणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, वजन करा, परत एक्सआरडी काढा. वजन तेवढंच आणि पीक जागच्या जागी असतील तेव्हाच 1000 अंशांपर्यंत स्थिर असं लिहा.