मॅकाडामियाचं रोप घ्याचं म्हणता? मृगाआधी हे वाचून घ्या

भावांनो, मृग तोंडावर आला अन् व्हॉट्सअ‍ॅपवर मॅकाडामियाच्या (टणक कवचाच्या, सुकामेव्यासारख्या बियांचं विदेशी झाड) रोपांचे मेसेज सुरू झाले, एकरी लाखो रुपये अन् कायनं काय. बरेच जण विचारून राह्यले म्हणून लिहितो. पऱ्हाटी-तुरीचं वावर मोडून हे झाड लावू नका, हौस म्हणून दोन लावा, त्याला ना नाही.

हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याचं, क्वीन्सलँडचा आग्नेय भाग अन् त्याला लागून न्यू साउथ वेल्सचा ईशान्य कोपरा, तिथल्या पावसाळी जंगलाची पट्टी तेवढं त्याचं घर. तिथंही जंगल तोडून शेती अन् वस्त्या झाल्या, रानातली झाडं कमी उरली, म्हणून सरकारनं धोक्यातल्या झाडांच्या यादीत टाकलं. त्याला २५ डिग्रीच्या आसपास मानवते, अन् आपल्याकडं विदर्भात नवतपात पारा ४५ च्या वर! पानं करपतात, फळ गळते.

उन्हाचं एक वेळ शेडनेटनं भागवाल, जमिनीचं काय कराल? त्याला मातीचा सामू (पीएच) ५ ते ६.५ पाह्यजे, आपली काळी चुनखडीची जमीन ८ च्या घरात. मग कोवळी पानं पिवळी पडतात अन् शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, वरूड-मोर्शीच्या संत्रावाल्यांना हे वेगळं सांगाचं काम नाही. पाणी साचलं तर फायटोफ्थोरा, म्हणजे संत्र्यावर डिंक्या रोग आणते त्याच कुळातली बुरशी.

तरी लावाचंच असन तर विहिरीजवळची निचऱ्याची मुरमाड जागा पाहा, मातीचा उंचवटा करून त्यावर लावा, पश्चिमेकडून शेवरीची सावली, बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर अन् ठिबक. खड्ड्यात सवयीनं डीएपी किंवा सुपर फॉस्फेट टाकू नका बरं, स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेल्या मातीतलं झाड आहे ते, मुळांना गुच्छासारखे बारीक तंतू असतात अन् ते थोड्या स्फुरदातही काम भागवतात, जास्त झालं तर झाडच बिघडते. कुजलेलं शेणखत बस झालं. मुळं वरवर पसरतात, म्हणून वादळाआधी काठीचा आधार द्या.

रोप कलमाचंच घ्या, जोड बोटानं चाचपून पाहा. कलमाला फळ साधारण ४-५ वर्षांनी, बियाच्या रोपाला त्याहून बराच उशीर. दोन्ही रोपं वेगवेगळ्या जातीची असली तर फळधारणा चांगली होते, म्हणून बिलावर जातीचं नाव लिहून घ्या, रोपवाले "माल आम्हीच उचलू" म्हणतात तेही कागदावर घ्या. अन् घरी कुत्रा असन तर पडलेल्या बिया रोज वेचा, त्याच्या खाण्यात आल्या की मागचे पाय लुळे पडतात.