मनीचं चावणं कसं थांबलं
चूक माझीच. आमची मांजर मनी पिल्लू असताना तिला बोटं नाचवून खेळवायचो. सहा महिन्यांची झाली आणि माझ्या मनगटावर ओरखड्यांची जाळी उमटली. ओरडून पाहिलं, तर पलंगाखाली दडून थेट घोट्यावर झडप!

मग हात खेळातून बादच केला. काठीला दोरी, दोरीला चिंधी. तरी दात लागलेच तर हात हिसकायचा नाही, कारण पळतं ते तिच्या लेखी भक्ष्यच. हात सैल सोडायचा. पकड सुटली की मुकाट्याने उठून जायचं. कान मागे वळले, शेपटी फटकारू लागली की खेळ तिथेच बंद. दिवसातून दोनदा दहा मिनिटं, शेवटी चिंधी पकडू द्यायची आणि लगेच जेवण.

तीन आठवडे लागले. पाहुणे मात्र अजून बोटं नाचवतात.