पार्टीचं जेवण बिघडतं कुठे? या चुका टाळा

पार्टीनंतर चार जणांची पोटं बिघडली की पहिला संशय स्वयंपाक करणाऱ्यावर जातो. खरं तर बरेचदा स्वयंपाक नीटच झालेला असतो. घोळ होतो तो नंतर, तयार पदार्थ पाहुण्यांची वाट बघत ओट्यावर पडून असतो तेव्हा. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि आपल्या खोलीचं तापमान नेमकं याच पट्ट्यात येतं. म्हणून शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच आवरावं.

सकाळी पार्सल, दुपारी पंगत

आवडत्या ठिकाणचा नाश्ता पार्टीला ठेवायचा बेत चांगलाच, पण पार्सल आठला आणून बाराला वाढलं तर पंचाईत. तिथे बसून गरमागरम खाल्लं तेव्हा काही झालं नाही, म्हणून बंद डब्यात चार तास कोमट राहिलेला तोच पदार्थ चालेल असं नाही. दोन तासांचं घड्याळ पदार्थ आचेवरून उतरला की सुरू होतं; गाडीतला वेळही त्यातच धरायचा. पार्सल उशिरा आणा, नाहीतर आणल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका आणि वाढण्याआधी वाफा येईपर्यंत गरम करा.

तिथेच बसून खाणार असाल तर डोळ्यांसमोर आचेवरून उतरलेलं मागवा. गर्दीच्या ठिकाणी माल पडून राहत नाही, हा तिथला मोठा फायदा. कापून उघड्यावर ठेवलेली फळं मात्र गर्दी असली तरी नकोत. वाढणाऱ्याने ग्लोव्ह्ज घातलेत म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच हाताने पैसे घेतले की ग्लोव्ह्ज असून नसून सारखेच. गरोदर बायका, लहान मुलं आणि वयस्कर मंडळींसाठी अंडी पूर्ण शिजलेलीच सांगा.

‘परत उकळलं की झालं’

ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. भाताचंच घ्या. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष उकळूनही जात नाही. हातावरून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या विषाचंही तेच. गरम करताना आतपर्यंत ७४ अंश गाठले की जंतू मरतात, पण आधीच तयार झालेलं विष तिथेच राहतं. वासावरही जाऊ नका. असं अन्न दिसायला आणि चवीला अगदी चांगलं लागू शकतं.

आदल्या दिवशी करून ठेवायचं असेल तर मोठं पातेलं जसंच्या तसं फ्रिजमध्ये सरकवू नका. दाट रस्सा वरून गार झाला तरी मध्ये कित्येक तास कोमट राहतो आणि पोट बिघडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूला वाढायला असाच रस्सा लागतो. उथळ डब्यांमध्ये पाचेक सेंटिमीटरचा थर होईल इतकं वाटून घ्या आणि दोन डब्यांच्या मधून हवा खेळू द्या. ‘पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवायचं नाही’ म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवणं त्याहून वाईट.

बुफेच्या टेबलावर

ट्रे अर्धा झाला की त्याच्यावरच नवा पदार्थ ओतला जातो. तळाशी राहिलेला थर मग पार्टी संपेपर्यंत तिथेच असतो. रिकामा ट्रे उचला, नवा भरलेला ठेवा. मुळात लहान ट्रे भरले तर हा प्रश्नच येत नाही. खाली बर्नर असलेली बुफेची भांडी गरम पदार्थ गरम ठेवतात, गार पदार्थ गरम करायला ती नाहीत. सॅलड, दही, क्रीम घातलेलं काहीही बर्फात बसवलेल्या भांड्यात ठेवा.

कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोडे थेट शेजारच्या सॅलडवर उडतात. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा हवा. ज्याला जुलाब-उलट्या झाल्यात त्याने बरं वाटायला लागल्यावरही ४८ तास स्वयंपाकघरापासून लांब राहावं, कितीही हौस असली तरी. अशा वेळी सॅनिटायझरवर विसंबू नका. जुलाब-उलट्या करवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. साबण आणि पाणीच लागतं.

गडबड झालीच तर

ऐन वेळी वीज गेली तर फ्रिज उघडू नका. दार बंद असेल तर आतलं अन्न साधारण चार तास टिकतं. त्यानंतर दूध, मांस, शिजलेले पदार्थ टाकून द्यावेत.

कुणाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर थोडं थोडं ओआरएस पाजत राहा. शौचातून रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं किंवा पाणीही पोटात न ठरणं यातलं काही दिसलं तर थेट डॉक्टरांकडे. एकाहून जास्त जण आजारी पडले असतील तर उरलेलं अन्न घाईने फेकू नका. डब्यात बंद करून, वर ‘खाऊ नये’ असं लिहून फ्रिजमध्ये ठेवा. आरोग्य खात्याला तपासणीसाठी ते लागू शकतं.